टचस्क्रीनच्या प्रोग्रॅममधील स्मृतिदोष व त्यांचे निदान

नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडी येथील औष्णिक विद्युत् केंद्रातून १९७४ पासून वीजनिर्मिती होत आहे. २०१५ ते २०१७ ह्या काळात तेथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन नवे संच कार्यान्वित झाले. एवढ्या मोठ्या केंद्रास कोळशाचा साठा नेहमी हाताशी ठेवावा लागतो. दगडी कोळसा उघड्यावर रचून ठेवला म्हणजे त्याचा हवेतील प्राणवायूशी संथपणे संयोग होत राहतो, ढिगाच्या पोटात उष्णता साठते, आणि वेळीच लक्ष न दिल्यास ढीग आतून धुमसू लागतो. नागपूरचा उन्हाळा ह्या क्रियेस अनुकूल असतो, हे निराळे सांगावयास नको.

अशा केंद्राच्या सान्निध्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास प्रकल्पासाठी ढिगाच्या तापमानाचा विषय सुचणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात विवेचनाच्या सोयीसाठी असेच एक उपकरण कल्पिले आहे. ढिगात खुपसलेले आठ तापमान-सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, आणि ३२० × २४० चित्रबिंदूंचा टचस्क्रीन. पडद्यावरील मेनूत आठ सेन्सरांची आठ बटणे आहेत. बटण दाबले की त्या सेन्सरचे तापमान व गेल्या चोवीस तासांचा आलेख दिसतो. 'मागे' हे बटण दाबले की मेनू परत येतो. उपकरण कल्पित असले तरी त्यात पुढे वर्णिलेले दोष मात्र कल्पित नाहीत; ह्या प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये ते वारंवार आढळतात. मोठ्या संचांचे नियंत्रण अशा लहानशा यंत्रावर सोपविलेले नसते, तेव्हा ह्या दोषांनी केंद्र बंद पडेल अशी भीती नाही. भीती आहे ती वेगळीच. उपकरण बंद पडून पडदा काळा झाला तर पाहणारा सावध होतो. पण प्रोग्रॅम गोठला आणि पडद्यावर दुपारचे ४१ अंश तसेच राहिले, तर रात्री पाहणारा ते आताचेच समजून पुढे जातो. पडद्याची स्वतःची स्मृती असल्यामुळे मायक्रोकंट्रोलर निकामी झाल्यावरही शेवटचे चित्र तो इमानाने दाखवीत राहतो.

प्रथम जागेचा हिशेब करू. विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आर्डुइनो मेगा २५६० हा बोर्ड घेतला, तर त्यावरील ८-बिटी एटीमेगा२५६० चिपमध्ये प्रोग्रॅम साठविण्यासाठी २५६ किलोबाइट फ्लॅश, वीज गेल्यावरही टिकणाऱ्या नोंदींसाठी ४ किलोबाइट ईईप्रॉम, आणि चालू कामासाठी ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट, रॅम असते. हा आकडा किती लहान आहे हे समजण्यास इतिहासातील एक तुलना उपयोगी पडेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक ह्या संगणकाची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने ती १०,२४० बाइट भरते. म्हणजे खोली व्यापणाऱ्या त्या यंत्रापेक्षाही आपल्या तळहातावरील बोर्डाची रॅम थोडी कमीच आहे. टिफ्रॅकला आकृती दाखविणारा कॅथोड किरणांचा पडदाही जोडलेला होता. तथापि प्रत्येक चित्रबिंदूचा रंग स्मृतीत धरून ठेवण्याची अपेक्षा त्या काळी कोणी केली नव्हती.

आपण मात्र नकळत ती अपेक्षा करतो. ३२० × २४० म्हणजे ७६,८०० चित्रबिंदू. प्रत्येकास रंगासाठी दोन बाइट धरल्यास १,५३,६०० बाइट होतात. हे संपूर्ण चित्र आठ किलोबाइटांत मावणे शक्य नाही, म्हणून ते पडद्याच्या नियंत्रक चिपमध्ये साठविले जाते आणि मायक्रोकंट्रोलर तुकड्यातुकड्याने रंग पाठवितो. इथवर सर्व ठीक असते. पण एखाद्या विद्यार्थ्यास बटणावर ६४ × ६४ बिंदूंचे रंगीत बोधचिन्ह हवे असते. ६४ × ६४ × २ हा गुणाकार बरोबर ८,१९२ येतो. एका बोधचिन्हात सारी रॅम संपली. त्यावर विद्यार्थी म्हणतो की मी तर तो ॲरे 'कॉन्स्ट' म्हणून जाहीर केला आहे. ह्या चिपमध्ये प्रोग्रॅमची व माहितीची स्मृती परस्परांपासून वेगळी असते. केवळ 'कॉन्स्ट' म्हटल्याने माहिती फ्लॅशमध्ये राहत नाही, आरंभीच तिची प्रत रॅममध्ये उतरविली जाते. ती फ्लॅशमध्येच ठेवावयाची असेल तर 'प्रोगमेम' असा स्पष्ट निर्देश करावा लागतो व वाचतानाही त्यासाठीची विशेष फंक्शने वापरावी लागतात. तेथेही एक खाच आहे. ही नेहमीची फंक्शने फ्लॅशच्या पहिल्या ६४ किलोबाइटांपर्यंतच पोहोचतात. चित्रे वाढत जाऊन त्यापलीकडे गेली की पडद्यावर बोधचिन्हाऐवजी रंगीत भुरभुर दिसते आणि विद्यार्थी रॅममधील दोष शोधीत बसतो. रॅम निर्दोष असते. चुकलेला असतो तो वाचण्याचा पत्ता.

मराठी लेबलांचा प्रश्न ह्याच सदरात येतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'तापमान' ह्या शब्दात काने धरून सहा चिन्हे आहेत, म्हणजे अखेरच्या शून्यासह १९ बाइट. शिवाय ह्या बोर्डांवर चालणाऱ्या साध्या चित्रण-लायब्रऱ्यांना जोडाक्षरे व वेलांट्या जुळविता येत नाहीत, म्हणून शब्दाचे चित्रच साठविणे सोयीचे पडते. ते ९६ × २४ बिंदूंचे असेल व रंगीत साठविले तर ४,६०८ बाइट लागतात; एकरंगी, म्हणजे बिंदूमागे एक बिट असे साठविले तर २८८ बाइट पुरतात. लेबलास दोनच रंग लागतात, एक अक्षराचा व एक पार्श्वभूमीचा, आणि ते रेखाटताना देता येतात. मराठी पडदा ह्या चिपवर चालत नाही अशी तक्रार कानी येते तेव्हा बहुधा हा सोळापट फरक कोणी मोजलेला नसतो.

आता आपल्या उपकरणाकडे वळू. आठ सेन्सरांची दर सहा मिनिटांस एक नोंद, चोवीस तासांच्या २४० नोंदी, प्रत्येकी दोन बाइट : एकूण ३,८४० बाइट. लायब्रऱ्या व इतर कायम माहिती मिळून आणखी १,०६० धरू. बेरीज ४,९०० झाली. कंपायलर सांगतो की रॅमचा साठ टक्क्यांहून किंचित कमी भाग वापरला गेला आहे. धोक्याची सूचना पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेल्यावर येते, म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो.

ही निश्चिंती निराधार आहे. कंपायलरला केवळ कायम माहितीचा आकडा ठाऊक असतो. प्रोग्रॅम चालू असताना रॅमच्या खालच्या टोकास ही कायम माहिती, तिच्यावर चढत जाणारी हीप, आणि वरच्या टोकापासून खाली उतरत येणारा स्टॅक अशी रचना असते. फंक्शनचा परतीचा पत्ता, राखून ठेवलेली रजिस्टरे, स्थानिक ॲरे, हे सर्व स्टॅकवर रचले जाते. इंटरप्ट आला तर त्याची रास त्याच स्टॅकवर पडते. हीप व स्टॅक ह्यांच्या मध्ये कुंपण नाही. मोठ्या संगणकात एखाद्या प्रोग्रॅमने हद्द ओलांडली तर कार्यप्रणाली त्यास तेथेच थांबविते. येथे थांबविणारे कोणी नाही. स्टॅक खाली उतरला की तो दुसऱ्याच्या माहितीवर निर्धास्तपणे लिहितो, आणि बिघाड दिसतो तो ज्याची माहिती पुसली गेली त्याच्या दारी.

म्हणून लक्षण जेथे दिसते तेथील ओळी तपासण्यात फारसा अर्थ नसतो. त्याऐवजी, बिघाड कशाच्या पटीने जवळ येतो, हा प्रश्न विचारावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो काळाच्या पटीने येतो, स्पर्शांच्या पटीने येतो, की विशिष्ट स्थान वा विशिष्ट मूल्य आले म्हणजेच येतो? ह्या एका प्रश्नाच्या उत्तराने संशयितांची संख्या एकदम घटते.

आपल्या उपकरणात असे दिसून आले अशी कल्पना करा. यंत्र सुरू करून लगेच आठही सेन्सर पाहिले; सर्व ठीक. चार तासांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा अखेरच्या सेन्सरच्या वेळी आलेखावर अकस्मात् एक उभी रेषा उमटली आणि यंत्र पुन्हा आरंभापासून सुरू झाले. दुसऱ्या दिवशीही तसेच. विद्यार्थ्याचा निष्कर्ष : दोष आठव्या सेन्सरमध्ये असावा, किंवा चार तासांनी स्मृती 'गळून' संपत असावी. दोन्ही तर्क सयुक्तिक दिसतात. परंतु यंत्रास हात न लावता दोन दिवस तसेच चालू ठेवले तर काहीच बिघडत नाही. आणि सुरू केल्याबरोबर एकच बटण पंधरा-सोळा वेळा दाबून मागे आले तर पाच मिनिटांत तोच बिघाड होतो. काळ निर्दोष ठरला, आठवा सेन्सरही सुटला. राहिले ते स्पर्श.

आता प्रोग्रॅम पाहिला तर कारण स्पष्ट दिसते. मेनूच्या फंक्शनने आलेखाच्या फंक्शनला बोलाविले. तेथे 'मागे' बटण दाबल्यावर आलेखाच्या फंक्शनने परत फिरावयास हवे होते. ते न करता त्याने मेनूच्या फंक्शनला नव्याने बोलाविले. पाहणाऱ्यास मेनू परत आल्यासारखा वाटतो, पण यंत्राच्या दृष्टीने कोणीच परतलेला नसतो. मेनूच्या पोटात आलेख, आलेखाच्या पोटात मेनू, अशी घडीवर घडी पडत जाते. प्रत्येक फंक्शनमध्ये मजकूर जुळविण्यासाठी ८० बाइटांचा स्थानिक ॲरे आहे. परतीचा पत्ता (ह्या चिपवर तो तीन बाइटांचा असतो) व राखलेली रजिस्टरे धरून प्रत्येकी सुमारे शंभर बाइट जातात. एका फेरीस दोनशे. मोकळी जागा ३,२९२ बाइट, त्यातील तीनशेच्या आसपास नित्याच्या स्टॅकसाठी; उरले तीन हजार. पंधरा फेऱ्या पार पडतात आणि सोळावी फेरी हद्द ओलांडते. आठ सेन्सरांच्या दोन पाहण्या म्हणजे सोळा फेऱ्या. आठव्या सेन्सरवर आलेला आळ केवळ ह्या हिशेबामुळे होता. उभी रेषा का उमटली, हेही आता सांगता येते : कायम माहितीच्या वरच्या टोकास लिंकरने नोंदींचा ॲरे ठेवला असेल, तर खाली आलेला स्टॅक प्रथम त्यावरच लिहितो आणि स्टॅकमधील पत्ते तापमान म्हणून रेखाटले जातात. ढीग पेटला असे समजून एखाद्याने धावपळ केली तर त्याचा दोष नाही.

उपाय सोपा आहे. फंक्शनांनी एकमेकांस न बोलाविता 'आता कोणता पडदा दाखवावयाचा' हे एका चलात लिहून परत फिरावे, आणि मुख्य आवर्तनाने ते चल पाहून पडदा रेखाटावा. स्टॅकची खोली मग स्पर्शांच्या संख्येवर अवलंबून राहत नाही.

निदान तर्काने झाले तरी ते मोजून सिद्ध केले पाहिजे. स्टॅकचा पॉइंटर व हीपचे टोक ह्यांतील अंतर छापणारे छोटे फंक्शन पुष्कळांस माहीत असते. ते उपयुक्त आहे, पण मुख्य आवर्तनात बसून मोजले तर ते निवांत क्षणीची जागा सांगते. रेखाटन चालू असताना मध्येच इंटरप्ट आला त्या क्षणीची सांगत नाही. खरी खोली कळावी म्हणून मोकळी जागा रंगवून ठेवण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे. प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी, मुख्य फंक्शन सुरू होण्यापूर्वीच, कायम माहितीच्या टोकापासून स्टॅकपर्यंत प्रत्येक बाइटात एक ठरावीक अंक, समजा १६५, लिहून ठेवावा. नंतर केव्हाही खालून मोजीत जावे (हीप वापरली असेल तर तिच्या टोकापासून), आणि किती बाइटांत तो अंक अबाधित आहे ते पाहावे. पुराचे पाणी ओसरल्यावर भिंतीवरील ओल जशी पातळी सांगते, तशी ही संख्या स्टॅकने गाठलेली कमाल खोली सांगते. ती पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कायम दाखवीत ठेवावी. आपल्या उपकरणात प्रत्येक फेरीस ती दोनशेने उतरताना दिसली असती, आणि दोष सोळाव्या फेरीची वाट न पाहता दुसऱ्याच फेरीस सापडला असता.

काळाच्या पटीने येणारे दोष निराळे. त्यांत हीपचे तुकडे पडणे हा सर्वांत सामान्य. 'स्ट्रिंग' ह्या सोयीच्या प्रकाराने मजकूर जोडीत गेले की लहानमोठे तुकडे घेतले व सोडले जातात. मोकळ्या बाइटांची बेरीज भरपूर असते, पण सलग जागा मिळत नाही. अशा वेळी जोडणी मुकाट्याने फसते आणि पडद्यावर रिकामी चौकट दिसते. ठरावीक लांबीचे ॲरे वापरावे, एवढेच त्यावर सांगण्यासारखे आहे. मोठ्या चिपवर गेल्याने ह्या दोषातून सुटका होते असेही नाही. ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट रॅम असते; तथापि एलव्हीजीएलसारख्या लायब्ररीत प्रत्येक वेळी नवा पडदा निर्माण केला व जुना नष्ट केला नाही, तर बिघाड पुढे ढकलला जातो इतकेच.

स्थानावर व मूल्यावर अवलंबून असणारे दोष सर्वांत फसवे. टचस्क्रीनकडून आलेला कच्चा आकडा आर्डुइनोच्या 'मॅप' फंक्शनने चित्रबिंदूत रूपांतरित करतात; हे फंक्शन उत्तरास मर्यादा घालीत नाही. बोट कडेस टेकले तर उत्तर उणे ४ किंवा ३२३ येऊ शकते. आलेखावर बोट ठेवून एखादी नोंद चिन्हित करण्याची सोय असेल व हा आकडा तसाच ॲरेचा क्रमांक म्हणून वापरला असेल, तर खूण शेजारच्या चलात पडते. बोट मध्यभागी ठेवणाऱ्या परीक्षकास हा दोष कधीच सापडणार नाही.

मूल्याचे उदाहरण त्याहून गंभीर आहे. तापमान अक्षरांत लिहिण्यासाठी सहा बाइटांचा ॲरे ठेवला. '४१.५' ला चार अक्षरे व अखेरचे शून्य, '१००.५' ला पाच व शून्य, दोन्ही मावतात. परंतु डीएस१८बी२० ह्या सेन्सरशी संपर्क तुटला असता त्याची प्रचलित लायब्ररी उणे १२७ हे मूल्य परत देते. '-१२७.०' ला सहा अक्षरे व शून्य मिळून सात बाइट लागतात. एक बाइट शेजाऱ्याच्या चलात शून्य होऊन पडतो. म्हणजे सर्व तारा शाबूत असेतोवर उपकरण उत्तम चालते, आणि ढिगावर यंत्र फिरताना तार तुटली की नेमके त्या वेळी, इशारा देण्याऐवजी, भलतेच वागू लागते. चाचणीत प्रत्येक सेन्सरची तार मुद्दाम काढून पाहावी, हे ह्यावरून उघड होईल. ॲरेच्या दोन्ही बाजूंस एकेक ओळखीचा बाइट ठेवून तो मधूनमधून तपासण्याची रीतही येथे कामी येते.

प्रत्येक अकस्मात् पुनरारंभ स्मृतिदोषाने होतो असे मात्र समजू नये. बोर्डास १२ व्होल्ट दिले आणि पडद्याच्या दिव्यासह ३०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर बोर्डावरील रेग्युलेटरमध्ये (१२ − ५) × ०.३, म्हणजे २.१ वॅट उष्णता निर्माण होते. मे महिन्यातील ४५ अंशांच्या हवेत तो तापून वीज तोडतो. दुपारी बंद व रात्री चालू असा क्रम दिसला तर प्रोग्रॅम उघडण्याआधी रेग्युलेटरला हात लावून पाहावा, अर्थात् जपून. दर ४९ दिवस १७ तासांनी बिघाड होत असेल, तर मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक उलटत आहे हे समजावे. चिपमध्येच एक रजिस्टर असते, त्यात मागील पुनरारंभाचे कारण नोंदलेले असते : वीज आली, दाब घसरला, बाहेरून बटण दाबले, किंवा वॉचडॉगने उठविले. आरंभीच ते वाचून पुसावे. काही बूटलोडर ते आधीच पुसून टाकतात, एवढे ध्यानात ठेवावे. यंत्र नव्याने सुरू झाले आणि रजिस्टरात एकही कारण नोंदलेले नाही, तर प्रोग्रॅम भरकटून शून्य पत्त्यावर आला असा अर्थ होतो, आणि मग स्टॅकवरील संशय बळावतो.

वॉचडॉगबद्दल दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तो गोठलेले यंत्र पुन्हा सुरू करतो, कारण दूर करीत नाही. २००४ च्या जानेवारीत मंगळावरील 'स्पिरिट' ह्या यानाच्या फ्लॅशमध्ये फाइली इतक्या साचल्या की त्यांची सूची उभारण्यास रॅम पुरेना. यान पुनःपुन्हा सुरू होई आणि सुरू होताच पुन्हा तीच सूची उभारू लागे. फ्लॅशला न शिवता यान सुरू करण्याचा मार्ग पृथ्वीवरील अभियंत्यांनी योजिला, तेव्हा ते चक्र थांबले. आपल्या उपकरणाने ईईप्रॉममधून चुकीची नोंद वाचून कोसळावयाचे ठरविले, तर वॉचडॉग त्यास तितक्याच निष्ठेने पुनःपुन्हा कोसळवील.

गोठलेल्या पडद्याचा बंदोबस्तही ह्याच ठिकाणी करावा. कोपऱ्यात धावते घड्याळ दाखविले की पडदा जिवंत आहे असे मानण्याची प्रथा आहे. परंतु ते घड्याळ टायमरच्या इंटरप्टमधून रेखाटले असेल तर मुख्य आवर्तन अडकले तरी घड्याळ चालूच राहते व खोटी ग्वाही देते. म्हणून तापमानाशेजारी ते तापमान वाचले त्या वेळेचा उल्लेख असावा, आणि वॉचडॉगला थोपविण्याची आज्ञा आठही सेन्सर वाचून झाल्यावर, मुख्य आवर्तनात एकाच ठिकाणी द्यावी. पुनरारंभानंतर पहिले वाचन येईपर्यंत आकड्याच्या जागी रेघ दाखवावी. जुना आकडा दाखवू नये.

पुनरारंभाचे कारण, त्या वेळचा पडदा व स्टॅकची कमाल खोली ही ईईप्रॉममध्ये लिहून ठेवली तर उपकरण ढिगाजवळ महिनाभर ठेवूनही दोषाचा माग काढता येतो. ईईप्रॉमचे आयुष्य मात्र प्रत्येक कप्प्यास सुमारे एक लाख लेखनांचे असते. दर मिनिटास एकाच कप्प्यात लिहीत गेल्यास ते सत्तर दिवसांत सरते. म्हणून चालू मूल्ये रॅममधील अशा जागी ठेवावी की जी आरंभी शून्य केली जात नाही, आणि ती ईईप्रॉममध्ये उतरविण्याचे काम केवळ पुनरारंभाच्या वेळी, आरंभीच्या रंगकामापूर्वी, करावे.